मोटारीच्या अंगावरील चरा

मोटार ही वस्तू एकत्र कुटुंबात नुसते वाहन म्हणून राहात नाही. ती कागदोपत्री एका भावाच्या नावावर असली, तरी आजोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, काकूंचे माहेर, मुलांच्या परीक्षा आणि घरातील सगळी लग्नकार्ये यांत तिचा वाटा असतो. दसऱ्यास तिलाही झेंडूचा हार पडतो. अशा मोटारीच्या दोन्ही दरवाजांवरून कोणी रात्रीतून खिळ्याने अथवा किल्लीने लांबच लांब रेघ ओढून गेला आहे असे सकाळी आढळून आले, म्हणजे घरात जो संताप उसळतो तो नुकसानीच्या रकमेच्या मानाने पुष्कळच मोठा असतो. अपघातात गाडी चेपली तर माणूस नशिबास बोल लावून मोकळा होतो. पण या रेघेत कोणाची तरी बुद्धी दिसते, आणि तीच मनाला झोंबते.

या संतापाच्या भरात दुसरे एक नुकसान होते, आणि ते मात्र गृहस्थ आपल्या हातानेच करून घेतो. रेघ डोळ्यांपुढून नाहीशी व्हावी म्हणून तो गाडी उचलून रंगाच्या गॅरेजात नेतो आणि ती सबंध बाजू नव्याने रंगवून आणतो. रेघ जाते हे खरे. परंतु तिच्याबरोबर कारखान्यात चढविलेला मूळ रंगही जातो, आणि तो पुन्हा कोणत्याही मोलाने मिळत नाही. वैऱ्याने घेतला होता केसाएवढ्या रुंदीचा रंग, आपण घालवितो चार हातांचा! म्हणून चरा बुजवावा कसा, हा प्रश्न वस्तुतः मूळ रंग जास्तीत जास्त राखावा कसा, असाच आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या उन्हापाण्यात तो अधिकच विचार करण्याजोगा आहे.

प्रथम हे पाहावे की, चरा खरोखर कोणी मुद्दाम काढलेला आहे काय. अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे काम किती वर्षे रेंगाळले होते हे वऱ्हाडातील वाचकांस सांगावयास नको. पुढे जून २०२२ मध्ये त्याच मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटे अखंड काम करून ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अंथरला गेला, आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. रस्ता चांगला झाला की वेग वाढतो, आणि वेग वाढला की पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी अधिक जोराने लागते. अशी खडी बॉनेटवर, समोरच्या बंपरवर आणि चाकांच्या मागील कडांवर बारीक टिकल्यांसारखे खळगे पाडते. बाभळीच्या फांदीचे ओरखडे पुष्कळ, समांतर व उथळ असतात. सायकलच्या अगर दुचाकीच्या हँडलचा घासा रुंद असून त्यात बहुधा रबराचा किंवा परक्या रंगाचा अंश सापडतो. मनुष्याच्या हातची रेघ मात्र कमरेच्या उंचीवर, चालत्या पावलांबरोबर किंचित् वरखाली होत, एका दरवाजाच्या फटीपाशी क्षणभर तुटून पुन्हा दुसऱ्यावर सुरू होते. आरंभी व शेवटी ती खोल असते, मध्ये उथळ. कधी कधी तर ती अक्षरेच असतात. मग निदानाची गरजच उरत नाही.

आता हा रंग म्हणजे काय, ते थोडे पाहिले पाहिजे. कारण उपाय सर्वस्वी त्यावर अवलंबून आहे. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो एक थर नसून एकावर एक चढविलेल्या चार-पाच थरांचा एक पातळ पापुद्रा असतो. पत्र्यावर आधी जस्ताच्या फॉस्फेटचा संस्कार होतो. नंतर गाडीचा सबंध सांगाडा एका मोठ्या हौदात बुडवून विजेच्या साह्याने गंजविरोधक रंगाचा सुमारे वीस मायक्रॉनचा थर त्याच्या सांदीकोपऱ्यांत बसवितात. त्यावर प्रायमर, त्यावर ज्याच्यामुळे गाडी लाल किंवा निळी दिसते तो रंगाचा थर, आणि सर्वांत वर क्लिअरकोट म्हणजे बिनरंगी पारदर्शक लाखेसारखा थर. गंमत अशी की, प्रत्यक्ष रंगाचा थर पंधरा-वीस मायक्रॉनच भरतो आणि वरचे पारदर्शक कवच त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे पस्तीस ते पन्नास मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. सर्व थर मिळून बेरीज साधारण शंभर ते दीडशेपर्यंत जाते. आपल्या मुलांच्या वहीचे एक पान सुमारे शंभर मायक्रॉन जाड असते. म्हणजे ज्या कांतीवर आपण इतके लुब्ध असतो ती कागदाच्या पानाएवढीच जाड आहे, आणि तिच्यातील राखावयाचा, चकचकणारा भाग तर त्या पानाच्याही निम्म्याहून कमी!

हे थर कारखान्यात भट्टीत भाजलेले असतात. हौदातील थर सुमारे १६० ते १८० अंश सेल्सिअस उष्णतेवर आणि वरचा पारदर्शक थर सुमारे १४० अंशांवर पक्का होतो. त्यावेळी गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो; तिला टायर नसतात, गादी नसते, वायरी नसतात, पेट्रोलची टाकी नसते. तीच गाडी पुरी बांधून आपल्या दारी आल्यावर तिला १४० अंशांच्या भट्टीत घालणे म्हणजे तिची होळी करणेच होय. म्हणून गॅरेजातील रंग हा निराळ्या जातीचा असतो. त्यात हार्डनर मिसळून तो रसायनाच्या बळावर कठीण करावयाचा, आणि फार तर साठेक अंशांच्या उबेत अर्धा-पाऊण तास ठेवून वाळवावयाचा. हा रंग चांगल्या हाताने, स्वच्छ बंदिस्त खोलीत लावला तर उत्तमच टिकतो. त्याची निंदा करण्याचा हेतू नाही. पण रस्त्याच्या कडेला, कापसाचे तंतू आणि धूळ उडत असता, पाण्याचा अंश असलेल्या हवेच्या नळीने मारलेल्या रंगाची आणि भट्टीतल्या थरांची बरोबरी कशी व्हावी?

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांसाठी येथेच एक सूचना करून ठेवतो. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग मोटारींवर आला. त्यापूर्वी घोडागाडीप्रमाणे वार्निशाचे हात देऊन गाडी वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. पारदर्शक कवचाची चाल मात्र सार्वत्रिक झाली ती १९८० नंतर. तेव्हा मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट अथवा पद्मिनी ज्यांच्या घरी अजून जिव्हाळ्याने सांभाळलेली असेल, त्यांच्या गाडीवर हे कवच नसून रंग वरपर्यंत एकजिनसी असण्याचाच संभव अधिक. एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने किंचित् पॉलिश घासून पाहावे. फडक्यास गाडीचा रंग लागला तर कवच नाही असे समजावे. अशा गाडीवरचा उथळ चरा घासून काढणे सोपे जाते. पण दर घासणीस प्रत्यक्ष रंगच कमी होत असतो.

मूळ विषयाकडे येऊ. चरा दिसताच हात लावू नये. प्रथम दिवसाच्या उजेडात, थोडे तिरपे उभे राहून, फोनने छायाचित्रे घ्यावी: एक सबंध गाडीचे, नंबरप्लेट दिसेल असे; एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणे धरून; आणि एक गाडी जेथे उभी होती त्या जागेचे. शेजारच्या दुकानावर किंवा इमारतीवर कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन विनंती करावी, कारण बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. हे झाल्यावरच गाडी धुवावी. चरा धुळीने भरलेला असता तो आहे त्याहून भयंकर दिसतो. धुतल्यावर अर्धी रेघ नाहीशी झालेली पाहून पुष्कळांचा राग तेथेच निवतो.

धुण्याच्या पाण्याविषयी वऱ्हाडात दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे, आणि तेथील विहिरी-बोअरचे पाणी पिण्यास निरुपयोगी तसेच मोटारीसही अपायकारक असते. हे पाणी तापलेल्या पत्र्यावर वाळले म्हणजे क्षारांचे पांढरे ठसे उमटतात आणि ते पुढे पारदर्शक कवचात रुतून बसतात. म्हणून शेवटचा हात तरी नळाच्या किंवा साठविलेल्या पावसाच्या पाण्याचा द्यावा, आणि पाणी अंगावर वाळू न देता मऊ फडक्याने टिपून घ्यावे. धुणे सावलीत, सकाळी लवकर.

आता परीक्षा. स्वच्छ चऱ्यावर बोटाने थोडे पाणी लावावे. पाण्याखाली रेघ अदृश्य झाली तर ती केवळ वरच्या कवचातच आहे. नंतर रेघेला आडवे नख फिरवावे. नख न अडखळता सरकले तर चरा घासून निघेल. अडकले तर तो घासून काढण्यापलीकडे गेला. पुढे रंग पाहावा. रंगीत गाडीवर पांढुरकी रेघ दिसते ती बहुधा कवचाचीच जखम असते. तळाशी राखी किंवा निराळाच मंद रंग दिसला तर तो प्रायमर. चकाकता किंवा तांबूस गंजाचा रंग दिसला तर पत्रा उघडा पडला आहे. एकाच रेघेत या सर्व अवस्था भेटतात, हे विसरू नये. आरंभी पत्र्यापर्यंत गेलेला खिळा दोन हातांवर गेल्यावर नुसता कवचावरून सरकलेला असतो. म्हणून सबंध रेघेवर एकच उपाय करणे हे अडाणीपणाचे होय; विताविताला तिची परीक्षा करून कोठे काय लागते ते ठरविले पाहिजे.

उथळ भागासाठी कंपाऊंड व पॉलिश पुरते. कंपाऊंड म्हणजे अतिसूक्ष्म घासक पूड घातलेले मलम. ते चरा भरीत नाही, तर चऱ्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग झिजवून रेघेच्या तळाशी आणते. हे ध्यानी घेतले म्हणजे ‘आणखी जरा घासा’ असे म्हणण्याचा मोह आवरता येतो. कवच पस्तीस ते पन्नास मायक्रॉन, त्यातून पाच-सातांपेक्षा अधिक काढू नये. कारण उन्हातील जंबुपार किरणांना अडविणारी द्रव्ये याच कवचात असतात, आणि जेथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो त्या अकोल्यात पातळ झालेले कवच फार दिवस तग धरीत नाही. नव्वद टक्के रेघ गेली आणि दहा टक्के तिरप्या उजेडात दिसते, तर तेथेच थांबण्यात शहाणपण आहे.

येथे जरा विषयांतर करतो. पुष्कळ घरांत रोज सकाळी कोरडे फडके घेऊन गाडी झटकून पुसण्याची रीत आहे. जुने धोतर किंवा पंचा फाडून केलेले फडके त्यासाठी खास राखून ठेवतात आणि ते काम निष्ठेने करणाऱ्या नोकराचे कौतुकही होते. पण त्या धुळीत रस्त्याची बारीक रेती असते आणि कोरड्या फडक्याखाली ती पॉलिश पेपरचे काम करते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोलगोल रेषा चमकताना दिसतात त्या याच निष्ठेचे फळ. रात्रीच्या चोराने एक रेघ ओढली म्हणून आपण पोलिसांपर्यंत जातो, आणि वर्षाकाठी हजारो रेघा ओढणारास दिवाळीची पोस्त देतो! धूळ आधी पाण्याने वाहवून न्यावी, मग फडके लावावे. एवढे पाळले तरी कवचाचे आयुष्य वाढते.

खोल भागाची गोष्ट निराळी. तो घासून काढावयाचा नसून भरावयाचा असतो. प्रत्येक गाडीच्या रंगास सांकेतिक क्रमांक असतो. तो बॉनेटखालील किंवा दरवाजाच्या खांबावरील पट्टीवर सापडतो. त्या क्रमांकाचा टच-अप रंग कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानी छोट्या बाटलीत मिळतो, अथवा रंग मिसळून देणाऱ्या दुकानातून करून घेता येतो. पांढरा साधा रंग जुळविणे सर्वांत सोपे. रुपेरी वा धातूचे कण असलेला रंग कठीण, कारण त्यातील कण फवाऱ्याने एका रीतीने बसतात आणि ब्रशाने दुसऱ्या, त्यामुळे भरलेली रेघ जरा गडद दिसते. मोतिया पांढरा तर तीन थरांचा असतो. त्याच्या वाटेस हौशी मनुष्याने जाऊ नये.

काम असे करावे. चरा धुऊन वाळला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेण व तेलकटपणा पुसून काढावा. गंज धरलेला असेल तेथे टोकदार काडीवर पॉलिश पेपर गुंडाळून तेवढाच खरवडावा, बाहेरच्या चांगल्या रंगास स्पर्श होऊ देऊ नये. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा पातळ थर, मग रंग. रंग भरण्यास बाटलीच्या झाकणाचा जाड ब्रश वापरू नये. रांगोळीतील बारीक ठिपक्यांप्रमाणे, दात कोरण्याच्या काडीने किंवा चित्रकलेच्या सर्वांत बारीक ब्रशाने, रेघेच्या आतच सोडावा. एका हातात चरा भरण्याची घाई करू नये. रंग वाळताना आकसतो. म्हणून पातळ थर देऊन मधून वाळू द्यावे, असे तीनचार वेळा. शेवटी पारदर्शक थर असा द्यावा की, तो आजूबाजूच्या पृष्ठभागाहून केसभर वर राहील. मग आठवडाभर तरी गाडीस त्या जागी काही करू नये. पुरते कठीण झाल्यावर दोन ते तीन हजार नंबरचा वॉटर पेपर लहानशा सपाट ठोकळ्यावर लावून, साबणाच्या पाण्याबरोबर, फक्त तो वर आलेला उंचवटा हलक्या हाताने सपाट करावा आणि कंपाऊंड-पॉलिशने जिल्हई द्यावी. दोन हातांवरून शोधणारास रेघ सापडेल. रस्त्यावरून जाणारास दिसणार नाही. याहून अधिक अपेक्षा ब्रशाकडून करू नये.

यास ऋतूही पाहिजे. वैशाखात पत्रा हात लावू देत नाही. रंग टेकताच वरून सुकतो, आत ओला राहतो आणि कंपाऊंड घासण्यापूर्वीच वाळून खडबडीत होते. पावसाळ्यात हवेतील दमटपणाने पारदर्शक थर पांढुरका पडण्याची भीती. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस या कामास उत्तम. मात्र पत्रा उघडा पडला असेल आणि मृग जवळ आला असेल, तर थांबू नये; निदान प्रायमरचा एक हात देऊन ठेवावा. उन्हाळ्यात उघडा पत्रा चार दिवस निभावतो, पण आषाढात तो चार दिवसांत तांबूस होतो, आणि गंज एकदा रंगाखाली पसरू लागला म्हणजे बाहेरून त्याचा ठावठिकाणा लागत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो. त्यास गंजाचे भय नाही, तेथे सवडीने करावे.

गॅरेजात गेल्यावर बहुधा जो सल्ला मिळतो तो असा : “भाऊ, टच-अपने काय होते? दोन्ही दरवाजे पूर्ण मारून देतो, नवे करकरीत.” सांगणारा लबाड असतो असे नाही. सबंध दरवाजा रंगविणे त्याला सोपे जाते, हिशेब सरळ बसतो, आणि गिऱ्हाईकही त्या दिवशी प्रसन्न होऊन घरी जाते. एका अर्थी तो खरेही बोलतो. कारण फवाऱ्याचे काम दरवाजाच्या मध्येच तोडले तर सांधा दिसतो, म्हणून निदान पारदर्शक थर तरी कडेपर्यंत न्यावाच लागतो. परंतु एक दरवाजा रंगविला की शेजारच्या उन्हाने किंचित् फिकटलेल्या दरवाजाशी त्याची छटा जुळत नाही. ती जुळविण्यासाठी रंग पुढच्या पत्र्यावर विरत न्यावा लागतो, आणि असे करता करता एका रेघेपायी सबंध बाजूचा मूळ रंग झाकला जातो. जुन्या गाड्या घेणारे व्यापारी हल्ली जाडी मोजण्याचे लहानसे यंत्र जवळ बाळगतात. शंभर-दीडशेच्या जागी त्याने अडीचशे-तीनशे दाखविले की दुसऱ्यांदा रंग झाला हे उघड होते. पाचशेच्या वर गेले की खाली लांबी भरलेली आहे असा तर्क होतो, आणि मग आपण ‘अहो, नुसती कोणी रेघ ओढली होती’ असे शपथेवर सांगितले तरी तो अपघाताचीच शंका घेतो.

तरीही पूर्ण रंगविणे योग्य असे प्रसंग आहेत. आडव्यातिडव्या खोल रेघांनी दरवाजा जाळीसारखा झाला असेल, अक्षरे कोरली असतील आणि घरातील मुलींना त्या गाडीतून जाण्याची लाज वाटत असेल, अथवा खिळ्याच्या जोराने पत्राच दबला असेल, तर टच-अपचा हट्ट धरू नये. मात्र मग काम नीट करवून घ्यावे. नुसत्या चऱ्यात लांबी भरू देऊ नये. तिची जागा दबलेल्या पत्र्यात आहे. दरवाजाचे हँडल, काचेची रबरी पट्टी व आरसा काढून रंग मारावयास सांगावे. त्यांच्या कडेने टेप लावून मारलेला रंग पुढे तेथूनच पापुद्र्याने सुटतो. रंगाचा नमुना एका वेगळ्या पत्र्यावर मारून, तो उन्हात गाडीशेजारी धरून पाहावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर येताच बेइमान होतो. आणि बंद खोली व तापविण्याची सोय ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे चार पैसे अधिक देऊन जावे.

घरगुती उपायांत टूथपेस्टचा बोलबाला फार. तिच्यात बारीक घासक पूड असते, म्हणून अगदी उथळ ओरखडा तिने मंद होतो. त्यापलीकडे तिचा गुण नाही. खोबरेल किंवा डिझेल पुसल्याने रेघ चार दिवस लपते, नंतर तेथे धूळ धरते, आणि पुढे खरा रंग भरू गेल्यास तो त्या तेलावर बसत नाही. नखांना लावावयाचा रंग नखांनाच शोभतो.

विम्याचा हिशेब गृहिणींनीही पाहून ठेवावा असा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर दुष्ट हेतूने केलेली नासधूस त्यात येते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर काही मिळत नाही. समजा, अकोल्यास जठारपेठेतील एका कुटुंबाच्या गाडीवर अशी रेघ ओढली गेली आणि तीन भाग रंगविण्यास पंधरा हजार रुपये सांगितले. एकत्रित बिलात पंचवीस टक्के रंगसामान धरून त्यावर निम्मी घसारा वजावट होते, ती १,८७५ रुपये, पंधराशे सी.सी.पर्यंतच्या गाडीस सक्तीची वजावट एक हजार. हाती आले १२,१२५. आता दुसरी बाजू. नुकसानीच्या विम्याचा हप्ता दहा हजार धरला आणि इतकी वर्षे दावा न केल्यामुळे पन्नास टक्के सूट मिळत होती असे धरले, तर दावा करताच ती सूट जाते आणि पुढे वर्षावर्षाने २०, २५, ३५, ४५ टक्के अशी चढत पुन्हा पन्नासावर येते. हप्ता तोच राहिला असे मानल्यास या पाच नूतनीकरणांत अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० व ५०० मिळून १२,५०० रुपये अधिक भरावे लागतात. म्हणजे मिळविले त्याहून गमाविलेच अधिक, आणि शिवाय मूळ रंग गेला तो वेगळाच! घसारामुक्त किंवा सूट राखणारी जोड घेतलेली असेल, अथवा गाडी नवी असून सूट साचलेलीच नसेल, तर हिशेब फिरतो. पण कागद पुढे घेऊन तो करावा. रागाच्या भरात दावा ठोकू नये.

कायद्याच्या भाषेत या कृत्यास ‘आगळीक’ म्हणतात. १८६० च्या दंडसंहितेत पन्नास रुपये वा अधिक नुकसान झाले की दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. त्या काळी पन्नास रुपये ही रक्कम केवढी होती! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३२४ व्या कलमान्वये साध्या आगळिकीस सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही. नुकसान वीस हजारांपासून एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत. लाख वा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून तक्रारीबरोबर दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक जोडणे उपयोगाचे असते. लहान रकमेचा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलिस नोंद करून घेतात, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपास करू शकत नाहीत. विम्याचा दावा करावयाचा असल्यास ही नोंद कामी येते.

पण कोणावर तक्रार करावयाची? अशा रेघांचे मूळ बहुधा गल्लीतच असते. अमरावतीच्या जुन्या वस्तीत अंबादेवीच्या बाजूस काय किंवा अकोल्याच्या जुन्या शहरात काय, वाडे बैलाच्या दमणीच्या मापाने बांधलेले. तेथे आता घराघरास दोन मोटारी. आपली गाडी रोज कोणाच्या फाटकापुढे, कोणाच्या तुळशीवृंदावनाच्या कडेस, कोणाच्या दुकानाच्या पायरीस लागून उभी राहते, याचा विचार रेघ उमटण्यापूर्वीच करावयास हवा होता असे पुष्कळदा आढळते. यात रेघ ओढणाराचे समर्थन नाही. तथापि पुरावा नसता शेजाऱ्याचे नाव पोलिसांत दिले तर रंगाची दुरुस्ती महिन्यात होईल, त्या शब्दाची दोन पिढ्यांत होणार नाही. घरातील वडील माणसाने, आरडाओरडा करणाऱ्या तरुणांस मागे ठेवून, एकट्याने जाऊन ‘गाडी उभी राहिल्याने आपणास काही अडचण होते काय?’ एवढेच विचारावे. अपराधी असेल तर त्याला पुरे कळते, नसेल तर दुखावत नाही. खोडी पोराची निघाली तर सात वर्षांखालील मुलाचे कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही, आणि बारा वर्षांखालील मुलाला परिणामाची समज होती काय हे पाहावे लागते. तेव्हा तेथे त्याच्या आईबापांशी बोलणे हाच मार्ग. आणि तक्रार झालीच, तरी खाजगी नुकसानीची अशी लहान प्रकरणे उभय पक्षांच्या संमतीने मिटविता येतात. दुरुस्तीचा खर्च भरून घेऊन प्रकरण मिटवावे की नाही हे गाडीच्या मालकाच्याच हाती असते.

दुरुस्तीनंतर सुमारे महिनाभर त्या जागी मेण लावू नये, पूर्ण पत्रा रंगविला असल्यास तर मुळीच नाही. आतील द्रव उडून जाण्यास वाट राहिली पाहिजे. उरलेल्या टच-अपच्या बाटलीवर रंगाचा क्रमांक व तारीख लिहून, झाकण घट्ट लावून, ती मुलांच्या हाती न लागेल अशा गार जागी ठेवावी. स्वयंपाकघरातील फडताळात मात्र नको, कारण त्यातील थिनर पेट घेणारा असतो.